आवाज न करणारा कॉम्प्युटर

"कुणाचा विश्वास बसणार नाही, अच्युतराव, पण टीव्हीला जोडलेला हा कॉम्प्युटर मी स्वतः जुळवलाय. तो चालू असताना मुंगीचं पाऊल ऐकू येतं!"

मेव्हणे त्यांच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, भेटायला आले होते. ती टीव्हीसमोरच्या कॉटवर डोळे मिटून पडली होती. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं.

आठवडाभर नीट झोप नव्हती, तरी माझं तोंड सुटलं. चार पॉवर सप्लाय परत केले, चारही घुं घुं करत होते. प्रोसेसर पस्तीस वॉटचा घेतला. तो तापतच नाही. उन्हाळ्यात मांजर गारव्याला त्यावर झोपतं. पंखा एकही नाही. दुकानदार म्हणाला, "आजोबा, एवढी शांतता कशाला?"

"खरंच, कशाला हो भाऊजी?" मेव्हण्यांनी विचारलं.

"सिनेमासाठी! नायिकेचा उसासासुद्धा निसटता कामा नये."

मेव्हणे हसले. तेवढ्यात कॉटवरून खोल गेलेला आवाज आला.

"दादा, थापा आहेत सगळ्या. सिनेमाचा आवाज बंदच असतो. पडद्याकडे पाठ करून हे दिवसभर माझा श्वास ऐकत बसतात."