मधमाशांना कोण सांगणार?

म्हातारा प्रुदेन्सियो शुद्धीवर आला तेव्हा खिडकीबाहेर दाट धुकं होतं. सगळं घरच डोंगरावरून सुटून हळूहळू कुठंतरी तरंगत चाललंय, असं वाटत होतं. उशाशी थोरली लेक ग्रासियाना बसली होती. पायाशी मुलगा अन्सेल्मो उभा होता, खांद्याला बंदूक, डोक्यावर डॉन कार्लोसच्या फौजेची लाल टोपी. बाप अंथरुणाला खिळल्याचं कळलं तसा तो डोंगर उतरून आला होता.

"मधमाशांना कोण सांगणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आमच्या नवार्राच्या डोंगरात घरधनी गेला की नवा मालक परसात जातो आणि मधमाशांच्या पोकळ ओंडक्यांवर टकटक करून त्यांना बातमी देतो. नाही दिली तर माशा घर सोडतात. जो सांगेल तो मालक. बाकीच्यांनी मग कितीही आदळआपट करावी.

"मी सांगेन, बाबा," अन्सेल्मो म्हणाला.

"तू नाही. ग्रासियाना सांगेल."

अन्सेल्मोला वाटलं, म्हातारा तापात बरळतोय. पण बापाचे डोळे स्वच्छ होते.

"पोरीला घर?" त्याचा आवाज चढला. "राजा चिमुरडी पोर मागं ठेवून मेला, तेव्हा चर्चच्या पायरीवर उभं राहून कोण गरजत होतं? पोरीला गादी नाही, राजाच्या भावाला, डॉन कार्लोसलाच गादी! ही टोपी माझ्या डोक्यावर कुणी घातली? दोन वर्षं त्यासाठी मी गोळ्या झेलतोय, बाबा!"

"ते गादीचं झालं," म्हातारा म्हणाला. "गादीवर कुणीही बसेल रे. इथं गाईखाली बसावं लागतं."

स्वतःच्याच बोलण्याचं त्याला हसू आलं आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. थोड्या वेळानं ग्रासियानानं त्याचे डोळे मिटले.

ती उठायच्या आत अन्सेल्मो परसात पोचला होता. धुक्यात ते ओंडके बसलेल्या गुरांसारखे दिसत होते. जन्मापासून लिसारेता हे घर त्यानं आपलं मानलं होतं, लढाईत थंडीनं कुडकुडताना त्याच्याच चुलीपाशी तो मनानं येऊन बसत होता. त्यानं बोटानं टकटक केली. आतली गुणगुण वाढली. त्यानं तळहात टेकवला, लाकूड उबदार होतं.

मागून ग्रासियाना आली आणि थोडी दूरच थांबली.

"सांग," ती म्हणाली. "तुझं नाव सांगायचं असेल तर तेही सांग. मी आड येणार नाही. भांडणाच्या घरी माशी टिकत नाही."

त्यानं ओंडक्यावरचा हात काढला नाही.

"एवढंच विचारते, सांगून झालं की राहणार आहेस इथं? की मालक म्हणून मिरवून परत निघालास तुझ्या राजाकडे?"

अन्सेल्मोला खूप राग आला होता. बापाचा, बहिणीचा, आणि गादीसाठी भांडणाऱ्या त्या काका-पुतणीचा. मग तो राग कुठं गेला ते त्यालाही कळलं नाही. तो ओंडक्याशी वाकला.

"माशांनो," तो म्हणाला, "बाबा गेले. आता ग्रासियाना मालकीण. तुम्ही जाऊ नका. मेण करा, बाबांसाठी मेणबत्त्या लावायच्यात." आणि तिथंच बसून तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

एवढ्यात खालच्या वाटेवरून धुक्यातून हाळी आली.

"कोण आहे तिथं? कुणाचा माणूस?"

त्या साली आमच्याकडे डॉन कार्लोसची आणि चिमुरड्या राणीची, दोन्ही फौजा हाच प्रश्न विचारत. भलतं नाव तोंडातून गेलं की उत्तरादाखल गोळी यायची. धुक्यात समोरच्याची टोपी दिसत नाही. बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज मात्र दोघांनी ऐकला. ग्रासियानानं भावाची बाही घट्ट धरली.

"लिसारेताचा!" अन्सेल्मो ओरडला. "ग्रासियानाचा माणूस! आमचा बाप गेलाय!"

मग कुणीतरी "देव त्यांना शांती देवो" म्हणालं आणि बरीच पावलं दरीकडे उतरून गेली. ती डॉन कार्लोसची होती की राणीची, ते ना त्याला कळलं ना तिला.