मास्तरवर लावलेली पैज

१९९३ साल. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तेरा भागांची एक रहस्यमालिका बघत होतो. डोंगरातलं धुक्याचं गाव आणि तिथल्या वैद्याचा खून. सासूबाईंना दिल्ली सोडून वाईला परतायचं होतं, पण आमचे हे, म्हणजे त्यांचा सूर्या, काही पाठवायला तयार नव्हते.

पहिल्याच भागात शाळामास्तर म्हणाला, "मैंने पूरे गाँव को शिक्षा दी है."

"हाच खुनी! सगळ्या गावाला शिक्षा दिली म्हणतोय," सासूबाई म्हणाल्या.

हे पोट धरून हसले. "अगं आई, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण!"

"असू दे. तोच निघाला, तर मला वाईला सोडशील?"

"बिल्कुल. लागली पैज!"

शेवटच्या भागात मास्तरला बेड्या पडल्या.

निजामुद्दीन स्टेशनवर सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "अर्थ ठाऊक होता गं मला. तो मास्तर वैद्याच्या घरी पहिल्यांदाच आलो म्हणाला, अन् माठ कुठे आहे ते न विचारता थेट तिथे जाऊन पाणी प्याला. पण खरं कारण सांगितलं असतं, तर सूर्याने पैज लावली असती का?"

वाईला त्या आणखी अकरा वर्षं जगल्या. आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. आईने चुकीच्या अर्थावरून बरोबर खुनी पकडला, असं हे शेवटपर्यंत सगळ्यांना कौतुकाने सांगत राहिले. मी शेजारी बसून हसायचे.