वजन किती?

गंगापूर रोडच्या दुकानात समाधानदादा माझ्या डाउनहिल सायकलसाठी धक्के झेलणारा फोर्क काढत होता. "चालवणाऱ्याचं वजन सांग, त्यावर आतली हवा ठरते." शेजारी माझ्या वर्गातली दोन मुलं टायर बघत होती. माझ्याआधी आईच म्हणाली, "पंचावन्न असेल." पाहुण्यांनाही ती हाच आकडा सांगते.

"बहात्तर," मी म्हटलं. "पंचावन्नची हवा भरलीस, तर हरसूलच्या उतारावर पहिल्याच उडीला मी तोंडावर आपटेन."

मुलं फिसकन हसली. आईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि समाधानदादाने आमच्यासाठी काउंटरवर काढून ठेवलेली हलकी चाकं मागे सरकवली. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही नकोत, समाधान. बहात्तर किलो पेलतील अशी दाखव."