फुली नसलेली विहीर

"आंटी, विहिरीला पाणी बरंच वर आलंय की!" कठड्यावरून वाकून पाणी तपासायला आलेल्या हेमांगी मॅडम म्हणाल्या, तशी रेजिना लगबगीनं पुढे झाली.

"झरा लागलाय बहुतेक," ती बोलून गेली. पाऊस जाऊन महिने झाले होते आणि म्हणे झरा! आपलीच जीभ चावावी असं वाटलं तिला.

मागे तिचा नवरा मार्सेल उगाचच केळीची वाळकी पानं तोडत उभा होता. पहाटे टँकर आला तेव्हा त्याचा पाइप विहिरीत सोडला तो त्यानंच. लग्नघर म्हटल्यावर टँकर येणारच, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यात काय वाटायचं! तो विहिरीत रिकामा झाला हे मात्र या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

नाक्यावरचा बंद पेट्रोल पंप सगळ्यांच्या मुळावर उठला होता. जमिनीखालची टाकी गळली. कधीपासून गळत होती, देव जाणे. आता हेमांगी मॅडम दर महिन्याला येत. पंपाभोवती भोकं पाडून खोलवरची माती काढत, मग आळीआळीतून विहिरींचं पाणी भरून नेत. ज्या पाण्यात पेट्रोलचा अंश सापडे, त्या विहिरीच्या कठड्यावर लाल फुली. मग ते पाणी तोंडाला लावायचं नाही.

रेजिनाच्या विहिरीला वास येत होता. सकाळच्या पहिल्या बादलीला, अगदी किंचित. पहिली बादली ओढणारी तीच, म्हणून कळलं तिलाच. तिनं गुपचूप घरात पाण्याचे जार सुरू केले. लेकीनं, जेसिकानं विचारलं तर म्हणाली, "पावन्यांना थंड पानी नको काय?"

जेसिकाचं लग्न तोंडावर आलं होतं. सासर जवळच्याच नंदाखाल गावचं, माणसं बरी, पण विहीणबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. साखरपुड्यात चारचौघांत त्या म्हणाल्या होत्या, "फुलीच्या घरची पोर नको बाय आमाला. पोटात काय काय गेलं असेल? उद्या मूल कसं निपजायचं?" सगळे हसले. रेजिनाही हसली. पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. फुली लागली की लग्न मोडलं, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

मॅडमनी बाटली काठोकाठ भरली. आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, म्हणून उलटी करून पाहिली. मग बाटली बर्फाच्या पेटीत गेली आणि जीप धूळ उडवत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "आंटी, तुमचं पाणी एकदम स्वच्छ! आता वर्षातून एकदाच तपासू."

रेजिना क्रुसासमोर बसून ढसाढसा रडली. लग्न थाटात झालं.

भीती मात्र गेली नाही. रस्त्यावरून ती पांढरी जीप गेली की रेजिना दार लोटून घेई. फेब्रुवारीत जेसिकाच्या सासरच्या आळीतही फुल्या लागल्या, तेव्हा तर तिनं दोन दिवस जेवण सोडलं. पण लेकीनं फोनवर सांगितलं, "मम्मी, घाबरू नको गं, आम्हाला रोज टँकर येतो." तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"आता तरी मॅडमला खरं सांगून टाकू," मार्सेल म्हणे.

"गप बसा तुमी! पोर सुखात हाय. आपन जारचं पितो. दुसरं कोन पितो हे पानी?"

कोणीच पीत नव्हतं. विहिरीचा अर्धा वाटा दिराचा, जॅक्सनचा होता. तो वसईला फ्लॅटमध्ये राहायचा. भिंतीपलीकडे, त्याच्या वाडीत, दुपारी याच विहिरीवरचा त्याचा पंप घुरघुरायचा तो केळीसाठी.

मे महिन्यात एके दिवशी जीप थेट दारातच थांबली. आतून हेमांगी मॅडम उतरल्या, मागोमाग जॅक्सन. रेजिना दारातच थबकली. कळलं यांना! आता पोलीस येणार, गावात छी-थू होणार, विहीणबाई लेकीला परत पाठवणार. मग तिचं तिलाच वाटलं, होऊ दे एकदाचं. ही रोजची धडधड तरी संपेल.

"मॅडम, माझं चुकलं," ती हात जोडून म्हणाली. "त्या दिवशी विहिरीत मी..."

"अहो, हात कसले जोडताय? आभार तर आम्ही मानायचे!" मॅडमनी तिचे हात धरले. "या पट्ट्यात एवढी एकच विहीर स्वच्छ निघाली. जॅक्सनभाऊंनी मोठ्या मनानं हो म्हटलं, म्हणून फुलीवाल्या आळ्यांचे टँकर फेब्रुवारीपासून त्यांच्या पंपावर भरतोय."

तेवढ्यात जीपच्या मागच्या दारातून नंदाखालहून सोबत आलेली जेसिका उतरली आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली.

"मम्मी, तुला समोरासमोर सांगायचं म्हणून थांबले होते. तिसरा महिना लागलाय! सासूबाई म्हणतात टँकरच्या पाण्याला वास येतो, पण मला तर हल्ली सगळ्यालाच वास येतो. मी तेच पिते, तांब्या तांब्या, माहेरचं पाणी म्हणून."