काळ्या खुर्च्या

बाबांना हॉस्पिटलात नेलं, त्याच्या आदल्या सकाळीही ते दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या बाल्कनीत खुर्च्या पुसत होते. नोव्हेंबरच्या धुरात समोरची सोसायटी दिसत नव्हती.

"नीरजा, दिल्लीत काळ्या खुर्च्या कोण घेतं? पुसून वळलो की पुन्हा पांढऱ्या."

"दुकानदार म्हणाला, काळ्यावर मळ दिसत नाही."

"अच्छा. तुझी पाठ वळल्यावर हसला असेल तो."

"बाबा, मास्क लावा."

"चष्म्यावर वाफ येते. मग धूळ कशी दिसणार?"

नवव्या दिवशी बाबा गेले. फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "धूल में काम करते थे?" मी म्हटलं, "नहीं, रिटायर्ड थे."

तेरावा झाल्यावर मी बाल्कनीचं दार उघडलं. दोन्ही खुर्च्यांवर धुळीचा थर बसला होता. फडकं ओलं करून आणलं, पण पुसायला हात पुढे होईना. मग त्यांच्या खुर्चीकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, धूळ दिसावी म्हणूनच मी काळ्या घेतल्या होत्या. आई गेल्यापासून तुम्ही सकाळी अंथरुणातून उठतच नव्हतात."