चौथी खेप

"बंद कशी पडते, तेवढं सांगा," मिस्त्री म्हणाला.

"चालू असते आणि मग बंद पडते," टपालवाली म्हणाली.

महिन्याभरातली ही चौथी खेप. हातगाडीवर होडीची तीच जुनी मोटर, शेजारी पेट्रोलची टाकी, आणि दांडा धरून ती. तलावापलीकडच्या चाळीसेक घरांचं टपाल तिच्या होडीतून जायचं. नवरा गेल्यावर होडी आणि टपालाची फेरी दोन्ही तिच्या गळ्यात पडल्या, आणि सहा वर्षांत तिने एक दिवस खाडा केला नव्हता. गेल्या महिन्यापर्यंत.

"बंद पडते तेव्हा फुगा कसा असतो? कडक की चपटा?" टाकीकडून मोटरीकडे जाणाऱ्या नळीच्या मध्यावर रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं.

"बघितलं नाही."

सहा वर्षं मोटर चालवणारी बाई फुगा बघत नाही, हे मिस्त्रीला जरा खटकलं. पण तो मोटर उतरवू लागला. आधीच त्याची लाज गेली होती.

पहिल्या खेपेला मोटरीतल्या छोट्या पंपाचा पडदा फाटलेला निघाला. त्याने नवा घातला. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर खोलून त्यातले पेट्रोलचे बारीक जेट फुंकून साफ केले. तिसऱ्या खेपेला नळी, फुगा, फिल्टर, सगळं बदलून टाकलं. दर वेळी पाण्याच्या पिंपात बुडवून मोटर तासभर पळवली. साधी अडखळली नाही. आणि दर वेळी आठवडा उलटायच्या आत हातगाडी पुन्हा दारात.

"आलीस का गं? ये, बस," आईने स्वयंपाकघरातून हाक दिली. "त्याला लावू दे डोकं."

आईला हे काही नवं नव्हतं. मिस्त्रीचे वडीलही मिस्त्रीच. तिचा सगळा संसार पेट्रोलच्या वासातच झाला होता.

टपालवाली आत गेली. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे टाकी वर्कशॉपपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारापाशी सावलीत ठेवली आणि मोटर पिंपावर चढवली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. त्याची बायको जाऊन सात वर्षं झाली होती, तेव्हापासून या घरात असं कुणी हसलं नव्हतं. पाना हातात धरून तो ऐकत राहिला. मग स्वतःवरच चिडला.

निघताना ती म्हणाली, "या वेळी नाही जमलं तर टपालखातं नवी मोटर देतंय म्हणतात. मग तुम्हालाही त्रास नको."

"त्रास कसला," तो म्हणाला. त्याने पुसलेलाच पाना पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर पिंपात पळत होती. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मिस्त्रीचं डोकं चालेनासं झालं. इथे पळते, तलावात बंद पडते. पाणी सगळीकडे सारखंच. मग बदलतं काय?

तेवढ्यात त्याची नजर पायाशी गेली. नळी जोडली होती ती वर्कशॉपच्या टाकीला. चारही वेळा त्याने मोटर आपल्याच टाकीवर तपासली होती. तिची टाकी एकदाही जोडली नव्हती. शिकाऊ माणसानेही करू नये अशी चूक.

त्याने तिची टाकी जोडली. बाराव्या मिनिटाला मोटर खोकली आणि थांबली. फुगा पार चपटा. टाकीचं टोपण सैल केलं, तशी सुस्सकन हवा आत गेली आणि फुगा भरू लागला. म्हणजे टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं. हवेसाठी टोपणात बारीक भोक असतं. त्याने टोपण उलटं केलं. भोकात काहीतरी पांढरं दाबून बसवलं होतं. त्याने ते नखाने उकरलं, वास घेतला.

साबण.

कचरा आपोआप जाऊन बसतो, साबण नाही. आणि पेट्रोलमध्ये मेण विरघळतं, साबण टिकतो, हे माहीत असलेल्या माणसाचंच हे काम.

मिस्त्री उलट्या बादलीवर बसला. राग यायला हवा होता, तो येईना. "बघितलं नाही" आठवलं. आतलं हसणं आठवलं. सगळं लख्ख कळल्यासारखं झालं आणि तो आणखीच गोंधळला. मग उठून त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला.

"सापडलं का?" भाजी निवडता निवडता आईने विचारलं.

"नाही," तो खोटं बोलला.

"बरं," आई म्हणाली.

मोटर हातगाडीवर घालून तो स्वतःच धक्क्यावर गेला. टपालवाली होडीत बसून पत्रं लावत होती.

"टोपणाच्या भोकात साबण होता," तो म्हणाला.

तिचा हात थांबला.

"मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्हाला यावंसं वाटलं, तर त्यासाठी मोटर बंद पाडायला नको. नुसतं यायचं."

"साबण मी नाही लावला, मिस्त्री."

त्याचे कान तापले. धक्क्याच्या फळ्यांमधून खाली पाणी दिसत होतं, त्यात उडी घ्यावीशी वाटली. "चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला आणि हातगाडी तिथेच टाकून निघाला.

"तुमच्या आई लावतात," ती मागून म्हणाली. "तिसऱ्या खेपेला मी त्यांना लावताना बघितलं."

तो वळला. "मग तेव्हाच सांगायचं नाही का? भर पाण्यात मोटर बंद पडायची तुमची."

तिने पत्रांचा गठ्ठा मांडीवर ठेवला.

"त्या वेळी मोटर घरी नेल्या नेल्या मी भोक साफ केलं," ती म्हणाली. "त्यानंतर ती एकदाही बंद पडलेली नाही."