मुंबईवाली

बारावीची गणितं एका बाकावर बसून सोडवणाऱ्या तहसीन आणि आचल यांच्यात मार्कांवरून अबोला झाला. गणितं मात्र अडायची ती अडतच राहिली. मग तहसीननं ब्रह्मपुरीच्या इंटरनेट कॅफेत बसून सरावाच्या साइटवर नवी जोडीदारीण गाठली, पुण्याची 'चांदणी'. तहसीननं तिला आपण मुंबईची म्हणून ठोकून दिलं. आता चांदणीच्या भरवशावरच बारावी निभणार होती.

एका दुपारी गणित अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. कॅफेतल्या प्लायवूडच्या आडोशापलीकडून आचलचा आवाज आला, "ओ भाऊ, जनरेटर लावा ना! तिकडं मुंबईवाली वाट पाहून राह्यली, तिले पुढचं सांगाचं आहे!"

तहसीन जागची हलली नाही.



लाईट आल्यावर तिनं टाइप केलं, "मुंबईत जरा नेट गेलं होतं. हां, सांग पुढं."